फायटिंग गेम कंट्रोलरमधील कमी आवाजाचे लो-प्रोफाइल स्विच

कमी आवाजाचे लो-प्रोफाइल यांत्रिक स्विच हा मुळात संगणकाच्या कळफलकासाठी विकसित झालेल्या आणि पुढे फायटिंग गेमच्या लिव्हरविरहित कंट्रोलरमध्ये रूढ झालेल्या स्विचचा एक प्रकार होय. ‘लो-प्रोफाइल’ म्हणजे नेहमीच्या यांत्रिक स्विचपेक्षा बुटका. अशा स्विचमुळे कंट्रोलरची पेटी पातळ व हलकी होते. त्यातील दांड्याला रबरासारख्या मऊ पदार्थाची गादी जोडली की दाबताना व सोडताना होणारा आघात मंदावतो. फायटिंग गेममध्ये एका सामन्यात शेकडो वेळा बटणे दाबावी लागतात. त्यामुळे स्विचचा आवाज, त्याला लागणारा दाब आणि त्याच्या प्रवासाची लांबी यांचा परिणाम खेळाडूवर आणि त्याच्या आसपासच्या लोकांवरही होतो.

असा स्विच निवडताना केवळ ‘सर्वांत शांत कोणता’ एवढे पाहून भागत नाही. स्विच बुटका झाला की आवाज शोषणाऱ्या गादीला जागा कमी उरते. गादी जाड केली की दाबाची स्पष्टता जाते. दाब हलका केला की नको तेव्हा बटण दाबले जाते. या ओढाताणीतून वाट काढणे हाच निवडीचा खरा विषय आहे.

पार्श्वभूमी

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ साली आणि ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ साली आला. हे खेळ आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांवरील होते. दिशा देण्यासाठी लिव्हर आणि प्रहारासाठी गोल बटणे अशी त्यांची मांडणी असे. आर्केडमध्ये गोंगाट इतका असे की बटणांचा आवाज कोणाच्या खिजगणतीतही नसे. अमेरिकी धाटणीच्या बटणांखाली मायक्रोस्विच असत आणि ते स्पष्ट ‘टक’ असा आवाज करीत. जपानच्या सानवा देन्शी या कंपनीची ३० व २४ मिलिमीटर व्यासाची बटणे त्या मानाने सौम्य होती. तिच्याच लिव्हरमध्ये मात्र चार दिशांचे चार मायक्रोस्विच कडकडत राहतात.

खेळ घरात आला तेव्हा परिस्थिती पालटली. घरी बसून, इंटरनेटवरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळणारा माणूस बहुधा रात्री खेळतो आणि त्याच वेळी घरातील इतर माणसे झोपलेली असतात. सानवाने आवाज कमी करणारी गादी बसवलेली बटणेही विक्रीस आणली. गेमरफिंगर या नावाने मिळणाऱ्या आर्केड बटणांत तर कळफलकाचा चेरी एमएक्स जातीचा स्विच बसवलेला असतो. कळफलकाचा स्विच आणि फायटिंग गेम यांची गाठ अशी पडत गेली.

२०१० च्या दशकात ‘हिट बॉक्स’ या कंट्रोलरमुळे लिव्हरविरहित मांडणी प्रसिद्ध झाली. यात लिव्हरऐवजी डावी, उजवी, खाली आणि वर अशा चारही दिशांसाठी बटणेच असतात. ‘वर’ म्हणजे उडी मारण्याचे बटण अंगठ्याखाली येते व ते इतरांपेक्षा मोठे असते. लिव्हर गेल्यावर पेटी उंच ठेवण्याचे कारणच उरले नाही. स्विच थेट सर्किट बोर्डावर बसवून दोन-एक सेंटिमीटर जाडीची, दप्तरात मावणारी पेटी बनवणे शक्य झाले. ‘फ्लॅटबॉक्स’ हा मुक्त आराखडा आणि ‘स्नॅक बॉक्स मायक्रो’सारखी उत्पादने याच विचारातून आली. २०२१ च्या जानेवारीत आलेल्या रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डामुळे आणि त्यावर चालणाऱ्या ‘जीपी२०४०-सीई’ या मुक्त प्रणालीमुळे असा कंट्रोलर घरच्या घरी तयार करणेही अवघड राहिले नाही. या पातळ पेट्यांना लागणारा स्विच म्हणजे लो-प्रोफाइल स्विच.

रचना आणि आवाजाचा उगम

यांत्रिक स्विचमध्ये वरचे व खालचे कवच, मधला सरकता दांडा, स्प्रिंग आणि धातूच्या पात्या हे मुख्य भाग असतात. दांडा वर असताना त्याचा एक पाय दोन पात्यांना एकमेकींपासून दूर ठेवतो. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतो आणि पात्या एकमेकींना टेकतात. ज्या ठिकाणी हा विद्युत संपर्क होतो त्यास संपर्कबिंदू म्हणता येईल. तो प्रवासाच्या साधारण मध्यावर असतो. दांडा त्यानंतरही खाली जात राहतो आणि तळाला आपटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या रचनेत संपर्क होताना जवळजवळ आवाज होतच नाही. जो आवाज ऐकू येतो तो संपर्काच्या आधीचा किंवा नंतरचा असतो. स्विचच्या कामाशी त्याचा संबंध नसतो. मायक्रोस्विचचे तसे नाही. त्यात ताणलेली पाती एकदम उलटते आणि त्या उलटण्यातूनच संपर्क होतो, म्हणून त्याचा आवाज पूर्णपणे काढता येत नाही. मराठीत स्विचला ‘खटका’ हा जुना व अर्थवाही शब्द आहे आणि तो ‘खट्’ या आवाजावरूनच आलेला दिसतो. आवाजाविना चालणारा खटका ही त्या शब्दाच्या दृष्टीने विसंगती असली, तरी यंत्राच्या दृष्टीने ती अगदी शक्य कोटीतील गोष्ट आहे.

आवाजाचे उगम पुढीलप्रमाणे सांगता येतात. पहिला आणि सर्वांत मोठा आवाज दांडा तळाला आपटण्याचा. दुसरा, बोट उचलल्यावर स्प्रिंगच्या जोराने दांडा वरच्या कवचावर आदळण्याचा. हा दुसरा आवाज नवख्या खरेदीदाराच्या लक्षात येत नाही, कारण दाबणे ही आपली कृती वाटते आणि सोडणे ही वाटत नाही. प्रत्यक्षात जलद खेळणाऱ्याच्या हातून बटणे जितक्या वेळा दाबली जातात तितक्याच वेळा ती सुटतातही. तिसरा आवाज स्प्रिंगच्या कंपनाचा, बारीक तारेसारखा. चौथा, दांडा कवचात हलल्याने होणारा खुळखुळ. यांखेरीज क्लिकी जातीच्या स्विचमध्ये मुद्दाम बसवलेली आवाजाची तार किंवा पट्टी असते. ‘केल्ह चॉक व्हाइट’ हा त्या जातीचा. कमी आवाज हवा असणाऱ्याने ही जात विचारात घेऊच नये.

कठीण प्लास्टिकवर कठीण प्लास्टिक आदळले की आघाताचा काळ अत्यल्प असतो आणि त्यातून तीक्ष्ण, उंच पट्टीचा आवाज निघतो. दोहोंमध्ये मऊ गादी आली की तोच आघात थोड्या अधिक काळात विभागला जातो. आवाज कमी होतो आणि त्याची तीक्ष्णता त्याहूनही अधिक कमी होते. शांत स्विचमध्ये दांड्याच्या खालच्या व वरच्या टेकणाऱ्या कडांवर अशी गादी असते. केवळ खालच्या बाजूला गादी असलेला स्विच निम्माच शांत ठरतो.

गादीला जागा लागते. चेरी कंपनीच्या नेहमीच्या उंचीच्या एमएक्स रेड या स्विचचा पूर्ण प्रवास ४.० मिमी आहे, तर त्याच्याच शांत भावंडाचा ३.७ मिमी. म्हणजे गादीने ०.३ मिमी खाल्ले. चार मिलिमीटरमधून एवढे गेल्याचे जाणवत नाही. लो-प्रोफाइल स्विचचा मूळ प्रवासच ३ मिमीच्या आसपास असतो, तेव्हा तेथे हीच वजाबाकी बोटाला कळते.

उंची, प्रवास आणि वेळ

चेरी एमएक्सच्या नेहमीच्या स्विचची उंची १८.५ मिमी, तर २०१८ साली आलेल्या चेरी एमएक्स लो-प्रोफाइलची ११.९ मिमी आहे. त्याचा पूर्ण प्रवास ३.२ मिमी असून संपर्क १.२ मिमीवर होतो. चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातील कायहुआ कंपनीच्या ‘केल्ह चॉक’ या मालिकेतील पहिल्या आवृत्तीचा पूर्ण प्रवास सुमारे ३ मिमी व संपर्क सुमारे १.५ मिमीवर आहे. नेहमीच्या एमएक्स रेडमध्ये तो २.० मिमीवर असतो.

या फरकाचे महत्त्व पुष्कळदा फुगवून सांगितले जाते, म्हणून थोडा हिशेब करून पाहणे बरे. बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० चौकटी या गतीने चालतात. म्हणजे एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. बोट सेकंदाला २०० मिमी या वेगाने खाली जाते असे धरले, तर ०.८ मिमी कमी प्रवासामुळे ४ मिलिसेकंद वाचतात. हे चौकटीच्या एकचतुर्थांशाहूनही कमी आहे. त्याने हरलेला सामना जिंकता येत नाही. मात्र ‘टेकन’मधील ज्या प्रहारात दिशा आणि ठोसा एकाच चौकटीत पडावे लागतात, त्यासारख्या जागी बटणांच्या वागण्यातील सातत्य महत्त्वाचे असते. दोन बटणे एकाच खोलीवर, एकाच दाबाला जुळणे हे दोन्ही बटणे किंचित लवकर जुळण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. यास्तव संपर्कबिंदूच्या आकड्यापेक्षा एकाच पिशवीतील स्विच एकसारखे निघतात की नाही हे पाहणे शहाणपणाचे.

सोडण्याच्या बाजूचाही विचार हवा. ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेत काही विशेष चाली बटण दाबल्यावरच नव्हे तर सोडल्यावरही लागू होतात. शिवाय तेच बटण पुन्हा दाबण्यापूर्वी आधीचा संपर्क तुटावा लागतो. लिनिअर, म्हणजे वाटेत कोणताही अडथळा न जाणवणाऱ्या स्विचमध्ये संपर्क होण्याचा व तुटण्याचा बिंदू जवळजवळ एकच असतो. क्लिकी स्विचमध्ये त्या दोहोंत अंतर पडते. फायटिंग गेमसाठी लिनिअर जात पसंत केली जाते त्याचे हे एक कारण. वाटेत हलका उंचवटा जाणवणारे टॅक्टाइल स्विच काहींना आवडतात, परंतु तो उंचवटा ओलांडताना बोट जोरात तळाशी जाते आणि आवाज उलट वाढतो.

दाब

स्विचचा दाब ग्रॅम-बल किंवा सेंटिन्यूटन या एककांत देतात. १ ग्रॅम-बल म्हणजे ०.९८ सेंटिन्यूटन, तेव्हा खरेदीपुरते दोन्ही सारखेच मानले तरी चालते. केल्ह चॉक रेडचा दाब सुमारे ५० ग्रॅम, तर रेड प्रोचा ३५ ग्रॅम आहे. चेरीच्या लो-प्रोफाइल रेडचा ४५ सेंटिन्यूटन.

शांत लो-प्रोफाइल स्विचच्या बाबतीत येथे एक अडचण उभी राहते. चॉकच्या साच्यातील शांत स्विच प्रामुख्याने दिवसभर टंकलेखन करणाऱ्यांसाठी बनले. ‘अ‍ॅम्बियंट्स’ या नावाने मिळणारे चॉक जातीचे शांत स्विच त्यांपैकीच. अशा ग्राहकाला बोटे थकू नयेत म्हणून अतिशय हलका दाब हवा असतो. खेळाडूची गरज वेगळी आहे. तो सामन्याच्या तणावात बोटे बटणांवर टेकवून बसतो. दाब फार हलका असेल तर बोटांच्या नुसत्या वजनाने बटण जुळते. प्रहाराच्या बटणावर असे झाले तर एखादा फुकटचा ठोसा पडेल. अंगठ्याखालच्या उडीच्या बटणावर झाले तर पात्र हवेत जाईल, आणि या खेळांपैकी अनेकांत हवेत गेलेल्या पात्राला बचाव करता येत नाही. एका चुकीच्या उडीने संपूर्ण फेरी हातची जाते.

याची दुसरी बाजूही आहे. ‘स्ट्रीट फायटर २’पासून असलेले गाइल हे पात्र घेणाऱ्यास मागची दिशा सतत धरून ठेवावी लागते, कारण त्याची मुख्य चाल मागे धरून मग पुढे केल्यावर निघते. बचावही मागे धरूनच होतो. तासभर ६० ग्रॅमची स्प्रिंग एका बोटाने दाबून धरणे सुखाचे नाही.

यावरचा व्यवहारी तोडगा म्हणजे सर्व बटणांना एकच स्विच वापरण्याचा आग्रह सोडणे. दिशांच्या तीन बटणांना हलका किंवा मध्यम, प्रहारांना मध्यम आणि अंगठ्याला त्याहून जड स्विच दिला की वरील दोन्ही तक्रारी मिटतात. अंगठा हे हाताचे सर्वांत जोरकस बोट आहे, त्याला जड स्विच सोसतो. कारखान्यातून आलेला कंट्रोलर बहुधा एकाच जातीच्या स्विचने भरलेला असतो. त्यामागे खेळाडूच्या सोयीपेक्षा घाऊक खरेदीची सोय अधिक असावी.

बसण्याची जुळणी

खरेदीत सर्वाधिक पैसे वाया जातात ते येथे. नेहमीच्या उंचीच्या स्विचमध्ये चेरी एमएक्सचा साचा जवळजवळ सर्व उत्पादकांनी स्वीकारला आहे, त्यामुळे कोणाचाही स्विच कोणत्याही बोर्डावर बसतो. लो-प्रोफाइलमध्ये असे एकमत झालेले नाही. वरून सारखे दिसणारे स्विच खालून वेगळे असतात.

चॉकच्या पहिल्या आवृत्तीत, जिला सर्वत्र व्ही१ म्हणतात, मधला प्लास्टिकचा खुंट ३.४ मिमी व्यासाचा असतो आणि कीकॅप, म्हणजे वरची टोपी बसवण्यासाठी दोन बारीक खाचा असतात. व्ही२ या दुसऱ्या आवृत्तीत खुंट ५ मिमीचा, एक जादा पाय आणि वर एमएक्सप्रमाणे अधिक-चिन्हाच्या आकाराचा दांडा असतो. विजेचे दोन पाय दोहोंत एकाच जागी आहेत. परिणामी ५ मिमीचे भोक व तिसऱ्या पायाची जागा असलेल्या बोर्डावर व्ही१ बसू शकतो, परंतु केवळ व्ही१ साठी केलेल्या बोर्डावर व्ही२ बसत नाही. आणि स्विच बसला तरी टोपी बसेलच असे नाही: व्ही१ ची टोपी व्ही२ वर किंवा उलट चालत नाही. गेटरॉन कंपनीच्या लो-प्रोफाइल स्विचचे पाय या दोहोंपेक्षा निराळ्या जागी असतात. चेरीच्या लो-प्रोफाइलचीही मांडणी स्वतंत्र आहे. रेझर कंपनीच्या २०२३ साली आलेल्या ‘कित्सुने’ या कंट्रोलरमध्ये प्रकाशकिरण अडण्या-सुटण्यावर चालणारे ऑप्टिकल स्विच आहेत. तेथे पात्यांचे स्विच बसवण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा लागतो: प्रथम बोर्ड कोणता साचा घेतो ते पाहणे, मग त्या साच्यात शांत स्विच कोणते मिळतात ते पाहणे आणि मगच दाब व प्रवास यांची आवडनिवड. उलट क्रमाने गेल्यास आवडलेला स्विच हाती येतो आणि तो बसवायला जागा नसते. नवा कंट्रोलर घेणाऱ्याने शक्य तर व्ही१ व व्ही२ दोन्ही स्वीकारणारा बोर्ड घ्यावा. त्याने निवडीचा आवाका बराच वाढतो.

बोर्डावर सॉकेट असतील तर स्विच हाताने ओढून काढता व दाबून बसवता येतो. सॉकेट नसतील तर प्रत्येक स्विचचे दोन्ही सांधे वितळवावे लागतात. लिव्हरविरहित कंट्रोलरवर दिशांची चार व प्रहारांची आठ अशी निदान बारा बटणे असतात, म्हणजे चोवीस सांधे. सोल्डरिंगची सवय नसलेल्याच्या हातून बोर्डावरील तांब्याचे पातळ कडे उखडण्याचा धोका असतो. सॉकेटमध्ये बसवतानाही पाय सरळ आहेत की नाहीत हे आधी पाहावे. वाकलेला पाय सॉकेटमध्ये न शिरता दुमडतो आणि बटण मधूनच चालेनासे होते.

टोपी आणि पेटी

स्विच शांत घेऊनही कंट्रोलर खडखडत राहतो, अशी तक्रार वारंवार आढळते. तिचे कारण बहुधा टोपीत किंवा पेटीत असते.

कळफलकाची टोपी स्विचपेक्षा फारशी मोठी नसते. कंट्रोलरची गोल टोपी मात्र २४ किंवा ३० मिमी व्यासाची आणि तिच्याखालचा स्विच जेमतेम १४ मिमी रुंदीचा. बोट टोपीच्या कडेला पडले की दांडा तिरपा होतो, कवचाला घासतो, कधी अडतो, आणि टोपीची विरुद्ध कड वर उचलली जाऊन पेटीच्या भोकाला टेकते. हा आवाज स्विचमधल्या गादीच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यावर उपाय म्हणजे भोक आणि टोपी यांत पुरेशी फट असणे, टोपी कमी उंचीची व हलकी असणे आणि मोठ्या बटणाखाली घट्ट बसणाऱ्या, कमी डगमगणाऱ्या दांड्याचा स्विच निवडणे. अंगठ्याचे बटण सर्वांत मोठे व बहुधा तिरपेच दाबले जाणारे असल्याने कुरबुर तेथूनच सुरू होते. एमएक्स जातीच्या टोपीत दांड्याभोवती रबरी कडे घालण्याची जुनी युक्ती चॉक व्ही१ ला उपयोगी नाही. त्याच्या टोपीला मधला गोल दांडाच नसतो.

पेटीचे काम तबल्याच्या पुडीसारखे नसून खोडासारखे असते. ती आवाज निर्माण करीत नाही, घुमवते. पोकळ प्लास्टिकची पेटी प्रत्येक आघात मोठा करून ऐकवते. बोर्ड आणि तळ यांच्यामध्ये पातळ फोम किंवा सिलिकॉनचा थर भरला की पोकळी नाहीशी होते. थर इतका जाड नसावा की तो सॉकेटना वर ढकलेल. तळाला मऊ रबरी पाय असावेत, कारण खालच्या पट्टीचा ठोका टेबलातून जमिनीपर्यंत पोहोचतो आणि शेजारच्या खोलीत जो ऐकू येतो तो मुख्यत्वे हाच ठोका असतो, हवेतून येणारी टकटक नव्हे. कंट्रोलर लाकडी टेबलावर न ठेवता मांडीवर किंवा जाड कापडी पट्टीवर ठेवला तर झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने स्विच बदलण्याइतकाच फरक पडू शकतो, आणि तो फुकट असतो. स्विच बदलण्याआधी हे करून पाहावे.

स्विचमध्ये वंगण घातल्याने स्प्रिंगचा बारीक आवाज व घर्षणाची खरखर कमी होते. तळाशी आपटण्याचा आवाज त्याने विशेष कमी होत नाही. लो-प्रोफाइल स्विचमधील जागा अरुंद असल्याने वंगण किंचित जरी अधिक झाले तरी दांडा वर येण्यास आळस करू लागतो, आणि पात्यांवर गेल्यास संपर्क बिघडतो. चॉकचे कवच उघडताना त्याच्या बारीक कड्या मोडतात, हाही अनुभव सर्वसाधारण आहे. कारखान्यातूनच वंगण घातलेले स्विच मिळत असताना हा उद्योग ज्याला हौस असेल त्यानेच करावा.

शांततेची किंमत

मऊ गादीमुळे तळाचा स्पर्श बोथट होतो. काही खेळाडू त्याचे वर्णन ओल्या मातीत बोट रुतल्यासारखे करतात. फायटिंग गेममधील प्रहारांची मालिका ठरावीक लयीत दाबावी लागते आणि अनेकांनी ती लय कानाने पाठ केलेली असते. बटणांचा आवाज गेला की तो आधारही जातो, आणि पहिले काही दिवस पाठ असलेल्या मालिकाही चुकतात. हा दोष स्विचचा नाही, सवयीचा आहे. परंतु स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात स्विच बदलणाऱ्याला या भेदाचा काही उपयोग होत नाही.

उलटपक्षी, शेजारी शेजारी बसून खेळताना आवाज ही माहिती असते. प्रतिस्पर्धी पकड सोडवण्यासाठी बटणे बडवतो आहे की हात आखडून बसला आहे, हे कान देणाऱ्यास कळते. शांत बटणे ही माहिती देत नाहीत. खेळाचे थेट प्रसारण करणाऱ्यांना तर शांत स्विचचा लाभ उघडच आहे. त्यांचा ध्वनिग्राहक कंट्रोलरपासून हातभर अंतरावर असतो.

कंट्रोलरच्या प्रणालीतील एका जोडणीचाही येथे संबंध येतो. धातूच्या पात्या टेकताना क्षणभर थरथरतात आणि एकाच दाबाचे अनेक दाब नोंदले जाऊ शकतात. ते टाळण्यासाठी प्रणाली काही मिलिसेकंद वाट पाहते. जीपी२०४०-सीईमध्ये हा अवधी वापरणाऱ्यास बदलता येतो. नवे स्विच बसवल्यावर एका दाबाला दोन ठोसे पडू लागले, तर स्विच फेकून देण्यापूर्वी हा अवधी एक-दोन मिलिसेकंदांनी वाढवून पाहावा.

पारख आणि टिकाऊपणा

आवाजाचे आकडे डेसिबलमध्ये दिलेले आढळतात, परंतु ध्वनिग्राहकाचे अंतर, पेटी, टोपी आणि बोटाचा जोर यांनुसार ते इतके बदलतात की दोन निरनिराळ्या ठिकाणच्या आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते. सुटा स्विच बोटांत धरून दाबणेही फसवे आहे, कारण घुमवणारी पेटी तेव्हा नसते. खरी पारख एकच. चार-पाच जातींचे एकेक दोन-दोन स्विच घेऊन ते स्वतःच्या कंट्रोलरमध्ये, स्वतःच्या टोपीखाली, निरनिराळ्या बटणांवर बसवावेत, काही दिवस खेळावे आणि शक्य तर दुसऱ्या खोलीत कोणाला तरी ऐकायला बसवावे. सॉकेट असलेल्या बोर्डावर यास काहीच मिनिटे लागतात.

केल्ह चॉक स्विचचे आयुष्य उत्पादकाने ५ कोटी दाबांचे सांगितले आहे. हे आयुष्य संपर्काचे असते, गादीचे नव्हे. मऊ पदार्थ काळाने कडक होतो किंवा दबून बसतो, तेव्हा शांत स्विच बंद पडण्याच्या पुष्कळ आधी बोलका होऊ लागतो. सर्वाधिक वापराची दोन-तीन बटणे आधी बिघडतात, म्हणून बारा बटणांसाठी स्विच घेताना निदान पंधरा-सोळा घ्यावेत. लो-प्रोफाइल शांत स्विचच्या जाती अजून थोड्या आहेत आणि आज मिळणारी जात पुढे मिळेलच असे नाही.